आठ लाखांचा व्हीआर झोन काढू का?

वाचकाचं पत्र, थोडं छाटून:

"मी कराडचा, वय २७. कॉलेजपासून चालत पाच मिनिटांवर वडिलांचा स्वतःचा दोनशे चौरस फुटांचा गाळा आहे. १९९५ साली तिथे त्यांनी एसटीडी बूथ टाकला. मोबाईल आले, बूथ गेला. मग सायबर कॅफे केला. स्मार्टफोन आले, तोही गेला. आता मी तिथे पाच टीव्ही आणि पाच प्लेस्टेशन लावून गेम झोन चालवतो. माणशी तासाला ६० रुपये. घर चालतं, शिल्लक फार राहत नाही. पुण्याचा एक डीलर व्हीआर झोनचं पॅकेज देतोय, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी जगात खेळायचं. दोन हलत्या खुर्च्या, चार हेडसेट, सजावट, सगळं मिळून आठ लाख. पंधरा मिनिटांचे १५० रुपये घ्या, दिवसाला चाळीस गिऱ्हाईकं धरा, महिन्याला एक लाख ऐंशी हजार गल्ला, असं तो म्हणतो. गाळा तारण ठेवला तर बँक पाच वर्षांसाठी कर्ज द्यायला तयार आहे. वडील म्हणतात, 'दोनदा पोळलोय. ही वस्तू स्वस्त झाली की पोरं घरीच खेळणार.' व्हीआर खरंच सगळ्यांच्या आवाक्यात येणार आहे का, आणि कधी? कर्ज काढू का? — स. पा."

स. पा., नमस्कार.

कर्जाचं आधी सांगते, म्हणजे बाकीचं निवांत वाचता येईल. गाळा तारण ठेवू नका आणि हे पॅकेज घेऊ नका. व्हीआर करूच नका असं मात्र मी म्हणणार नाही. त्याकडे खाली येते.

या सदरात व्हीआरबद्दल एरवी जी पत्रं येतात ती आईबापांची असतात. पोरगं हट्ट धरून बसलंय, आत्ता घेऊ की स्वस्त होईपर्यंत थांबू? तुमचा प्रश्न बरोबर उलटा आहे. वस्तू स्वस्त झाली तर तुमचं गिऱ्हाईक जाणार. वडिलांची भीती त्यांच्या अनुभवातून आली आहे आणि ती खोटी नाही, पण या वेळी त्यांनी धोका चुकीच्या बाजूला शोधलाय असं मला वाटतं. तुमच्या कर्जाच्या मुदतीत तरी हेडसेट कराडच्या घराघरांत जाणार नाही. तुमचा खरा प्रश्न गिऱ्हाईक दुसऱ्यांदा का येईल, हा आहे.

पण आधी किमतीचं बघू. स्वस्त व्हीआर यायचा आहे असं आपण बोलतो, तर तो येऊन गेलाय. २०१४ च्या जूनमध्ये गूगलने आपल्या वार्षिक परिषदेला आलेल्या लोकांना पुठ्ठ्याचा घडीचा डबा वाटला. दोन भिंगं, एक चुंबक, आत आपलाच फोन सरकवायचा. त्याहून स्वस्त काय असणार? पुढच्याच वर्षी सॅमसंगने ९९ डॉलरचा गिअर व्हीआर काढला. मग गूगलने डेड्रीम नावाचा तसलाच फोन घालायचा हेडसेट आणला आणि २०१९ मध्ये गुंडाळला. पुठ्ठ्याच्या डब्याची विक्रीही गूगलने २०२१ मध्ये थांबवली. आपल्याकडे स्टेशनबाहेरच्या गाड्यांवर काळ्या प्लास्टिकचे 'व्हीआर बॉक्स' मिळायचे, ते याच घराण्यातले. २०२३ च्या आयपीएलला जिओने १,२९९ रुपयांत जिओडाइव्ह आणला, तोही फोन आत घालायचाच. ज्यांनी घेतला त्यांच्या घरी आता तो कुठे आहे, विचारून बघा.

हे डबे किमतीवर पडले नाहीत. फोनला मान वळलेली कळते, माणूस पुढे झुकला किंवा पाऊल टाकलं हे कळत नाही. तुम्ही वाकता आणि समोरचं चित्र जागचं हलत नाही. डोळे एक सांगतात, कानातला तोल दुसरं सांगतो आणि पाच मिनिटांत पोटात ढवळायला लागतं. त्यात फोन तापतो, बॅटरी उतरते, मध्येच कुणाचा तरी कॉल येतो. लाखो लोकांचा व्हीआरशी पहिला परिचय असा झाला, आणि बऱ्याच जणांचा शेवटचाही.

हललेलं शरीर ओळखणारं यंत्र हवं असेल तर बाहेरच्या बाजूला चार-सहा कॅमेरे लागतात. दोन्ही डोळ्यांपुढे बारीक टिपक्यांचा पडदा लागतो. चित्र सेकंदाला निदान ७२, खरं तर ९० वेळा नव्याने काढणारी चिप लागते. दोन्ही हातांत कंट्रोलर लागतात. हे सगळं अर्ध्या किलोच्या आसपास बसवायचं आणि दोन तास चालेल एवढी बॅटरीही त्यातच. २०१६ च्या मार्चमध्ये ऑक्युलस रिफ्ट हा असा हेडसेट आला तेव्हा किंमत ५९९ डॉलर होती, आणि तो चालवायला तगड्या ग्राफिक्स कार्डाचा वेगळा संगणक लागायचा. त्याच कंपनीच्या २०१९ च्या क्वेस्टने संगणक आणि वायर दोन्ही काढून टाकले. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये क्वेस्ट २ आला २९९ डॉलरला. चार वर्षांत किंमत निम्मी झाली, संगणकही वाचला. तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता ही गाडी उतारालाच लागली.

तिथेच ती थांबली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मेटाने (म्हणजे फेसबुकवाल्यांनी, ऑक्युलस त्यांचीच) त्याच क्वेस्ट २ ची किंमत १०० डॉलरनी वाढवली. मग २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये क्वेस्ट ३एस काढला, पुन्हा २९९ डॉलरला. तोही कसा जमवला, तर पडदे आणि भिंगं क्वेस्ट २ च्या जातीची ठेवली आणि चिप नवी टाकली. म्हणजे चार वर्षांत नव्या मॉडेलची डॉलरमधली किंमत तसूभर खाली गेली नाही. आपल्या बाजूने बघा. २०२० मध्ये २९९ डॉलर म्हणजे सुमारे २२ हजार रुपये होते, २०२४ मध्ये २५ हजार. अमेरिकेतल्या माणसाला किंमत तीच राहिली, आपल्याला वस्तू तीन हजारांनी महागली. शिवाय आयातकर, जीएसटी आणि आणणाऱ्याचा नफा वेगळा.

आणि ही किंमतसुद्धा सोसून दिलेली आहे. मेटाचा जो विभाग हेडसेट बनवतो त्याला एकट्या २०२४ मध्ये १७.७ अब्ज डॉलरचा तोटा झाला, म्हणजे जवळपास दीड लाख कोटी रुपये. त्यात स्मार्ट चष्म्यांचा आणि पुढच्या संशोधनाचा खर्च आला हे खरं, पण हेडसेट नफ्यासाठी विकत नाही असं या कंपनीने उघडपणे सांगितलं होतं. ज्यांना नफा हवा त्यांच्या किमती बघा. ॲपलचा व्हिजन प्रो २०२४ मध्ये ३,४९९ डॉलरला आला.

मोबाईल स्वस्त झाला तसा हा का होत नाही, असं तुम्ही विचाराल. जगात वर्षाला शंभर कोटींहून जास्त स्मार्टफोन विकले जातात, म्हणून त्यांचा पडदा, कॅमेरा, बॅटरी मातीमोल भावात तयार होते. हेडसेटचा वर्षाचा आकडा त्याच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास घुटमळतो. खप नाही म्हणून किंमत उतरत नाही आणि किंमत उतरत नाही म्हणून खप नाही. हे कोडं अजून कुणी सोडवलेलं नाही. ठाण्यात अजनालेन्स नावाची कंपनी हेडसेट बनवते, चांगली गोष्ट आहे, पण तिचा रोख कामगारांच्या प्रशिक्षणावर आणि संरक्षण क्षेत्रावर आहे. खेळणाऱ्या पोरांच्या बाजारात उतरायची तिला घाई दिसत नाही, आणि मी तिच्या जागी असते तर मलाही नसती.

आपल्याकडे पोरं गेम खेळायला लागली ती फोनवर, आणि फोन घरात आधीच होता. २०१८ मध्ये पबजी फुकट आला आणि दहा-बारा हजारांच्या फोनवर धावला. घरच्यांना वेगळं काही विकत घ्यावं लागलं नाही. व्हीआरला मात्र आधी वेगळी वस्तू घ्या, मग बीट सेबरसारखा (गाण्याच्या तालावर तलवारीने ठोकळे कापायचा) एकेक गेम ३० डॉलरला, म्हणजे अडीच हजारांना घ्या. गोरिला टॅगसारखे फुकटातले गेम आहेत आणि अमेरिकेतली पोरं त्यावर तुटून पडली आहेत, पण हेडसेट तरी लागतोच. तेव्हा भाकीतच हवं असेल तर माझं हे घ्या. फोन न लागणारा, चांगला चालणारा हेडसेट आपल्या दुकानात दहा-बारा हजारांवर येईपर्यंत तो सामान्य घरात शिरणार नाही, आणि येत्या पाच वर्षांत मला तो दिवस दिसत नाही.

मग धंद्याला मैदान मोकळं आहे की! असं डीलर म्हणेल. इथेच मला थांबायचंय.

वडिलांच्या बूथवर लोक का यायचे? घरी फोन नव्हता म्हणून, एवढंच उत्तर पुरत नाही. मुंबईला असलेल्या भावाशी बोलायचं असायचं. रात्री दर उतरायचा, तेव्हा रांग लागायची. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलायचं असायचं. सायबर कॅफेतही तसंच. बारावीचा निकाल, एमपीएससीचा फॉर्म, रेल्वेचं तिकीट. गरज संपत नव्हती, म्हणून गिऱ्हाईक परत येत होतं. तुमच्या प्लेस्टेशनलाही तशी ओढ आहे. चार मित्र एका सोफ्यावर बसून फिफा खेळतात, हरलेला उद्या वचपा काढायला येतो. (नाव बदलून आता एफसी झालंय, पण पोरं फिफाच म्हणतात.) डीलरच्या हलत्या खुर्चीत काय आहे? डोंगरावरून घसरणारी झुकझुक गाडी आणि अंगावर येणारा डायनासोर. पहिल्यांदा मजा येते. दुसऱ्यांदा तोच डायनासोर त्याच वळणावर येतो.

चाळीस गिऱ्हाईकं धरून डीलरने जो हिशेब दिलाय तो पुढे चालवून बघा. रोजची चाळीस म्हणजे महिन्याला बाराशे. तुमच्या आसपास कॉलेजची तीन-साडेतीन हजार मुलं असतील असं धरलं, तर तीन महिन्यांत त्यातला प्रत्येक जण एकदा खुर्चीत बसून गेलेला असेल. चौथ्या महिन्यात कोण येणार? डीलरचा हिशेब तिथे संपतो. तुमचा हप्ता आणखी ५७ महिने चालू राहतो. आठ लाखांना ११ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता सुमारे १७,४०० रुपये बसतो. दीडशे रुपयांनी रोज चार गिऱ्हाईकं आली तर नुसता हप्ता निघेल. वीज, एसी, मदतीला ठेवलेला मुलगा, तुमचं घर, हे सगळं त्यानंतर.

जागेचाही हिशेब आहे, आणि तो मला जास्त खटकतो. हेडसेट घालून हातपाय हलवत खेळायला माणशी साधारण साडेसहा फूट बाय साडेसहा फूट मोकळी जागा लागते. दहा बाय वीसच्या गाळ्यात असे तीन चौकोन बसतात, चौथा बसवला तर कुणाच्या तरी नाकावर गुद्दा बसेल. त्याच जागेत आज तुमची दहा-बारा पोरं सोफ्यावर बसून साठ-साठ रुपये देतात आणि तुम्ही काउंटरवर चहा पीत बसू शकता. व्हीआरमध्ये प्रत्येकाला हेडसेट चढवायचा, पट्टा आवळायचा, चष्मा असेल तर सांभाळायचा, कंट्रोलर हातात द्यायचा, खेळ संपला की पुसायचा. पंधरा मिनिटांचा खेळ वीस मिनिटं खातो आणि एक माणूस तिथे उभा लागतोच.

हे मोठ्यांनाही जमलेलं नाही. आयमॅक्स कंपनीने २०१७ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसला व्हीआर केंद्र उघडलं, मग न्यूयॉर्क, टोरंटो, शांघाय असं करत काही काढली. दोन वर्षांत सगळी बंद केली. त्यांच्याकडे पैसा होता, नाव होतं, चित्रपटगृहांची आयती गर्दी होती. जे परदेशात टिकले ते बहुतेक गटाने खेळण्यावर टिकले. वाढदिवस, कंपनीची सहल, सहा जणांनी एकत्र एकाच खेळात शिरायचं. डीलर तुम्हाला देतोय त्या खुर्चीत माणूस एकटाच बसतो आणि मित्र बाहेर मोबाईल चाळत उभे राहतात.

आणखी एक आकडा सांगते, कारण 'महाग आहे म्हणून लोक घेत नाहीत' या समजाला तो छेद देतो. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातून घेऊन संगणकावर गेम खेळणारे लोक म्हणजे यंत्रांवर हौसेने खर्च करणारे. त्यांच्यातही व्हीआर हेडसेट असलेले शंभरात जेमतेम दोन निघतात, आणि हे प्रमाण वर्षानुवर्षं तिथेच आहे.

आता करायचं काय? तुमच्या हाताशी बचत थोडी आहे असं पत्रावरून दिसतं. कर्ज न काढता एक, फार तर दोन क्वेस्ट ३एस घ्या. पक्क्या बिलावर घ्या आणि वॉरंटी भारतात कोण देणार, हे दुकानदाराकडून लिहून घ्या. जुना क्वेस्ट २ कुणी स्वस्तात देत असेल तर घरी खेळायला ठीक आहे, दुकानासाठी नको, कारण ते मॉडेल कंपनीने बंद केलंय. एक टीव्ही हलवून कोपरा मोकळा करा. हेडसेटमधलं चित्र दुसऱ्या टीव्हीवर दाखवता येतं, ते कायम चालू ठेवा. एक जण हवेत तलवार फिरवतोय आणि चार जण त्याला बघून हसताहेत, तर त्या चौघांचे पैसे तुम्ही प्लेस्टेशनवर आधीच घेतलेले असतात. नंबर आलटून-पालटून, गुण फळ्यावर. बीट सेबरसारखे एका जागी उभं राहून खेळायचे गेम ठेवा. झुकझुक गाडीचा व्हिडिओ नवख्या माणसाला दाखवू नका, त्यानेच सगळ्यात जास्त लोकांना मळमळतं आणि ते परत येत नाहीत.

गेमच्या परवान्याकडे लक्ष द्या. घरगुती वापरासाठी घेतलेला गेम तासाच्या भाड्याने खेळवायला व्यावसायिक परवाना लागतो. काही गेम तो देतात, काही देत नाहीत. विकत घेण्याआधी तपासा. (तुमच्या प्लेस्टेशनच्या डिस्कबद्दल मी काही विचारलेलं नाही, हे ध्यानात घ्या.)

किरकोळ वाटणाऱ्या, पण पैसे बुडवणाऱ्या गोष्टी अशा. भिंगं कोरड्या मऊ कापडानेच पुसा, सॅनिटायझर लावलात तर त्यांच्यावरचा थर जाईल. चेहऱ्याला लागणाऱ्या भागाला सिलिकॉनचं कव्हर घाला आणि ते दर गिऱ्हाइकानंतर पुसा, एप्रिल-मेच्या घामात दुसऱ्याचा ओला स्पंज कुणी तोंडाला लावणार नाही. हेडसेट उन्हात किंवा खिडकीत ठेवू नका. भिंगातून ऊन आत गेलं की पडदा कायमचा जळतो, आणि ते वॉरंटीत बसत नाही. जत्रेत नेणार असाल तर मांडव चारी बाजूंनी बंद हवा. दहा वर्षांखालच्या मुलांना देऊ नका, मेटाची स्वतःचीच अट आहे. फिट येण्याचा त्रास असलेल्यांनाही नाही, हे भिंतीवर मराठीत लिहून लावा.

आणि अग्निशमनचा ना हरकत दाखला. तो नसेल तर हेडसेटच्या आधी तो. २०२४ च्या मे महिन्यात राजकोटच्या गेम झोनला आग लागली, पंचवीसहून जास्त माणसं गेली, त्यात लहान मुलं होती, आणि त्या झोनकडे हा दाखलाच नव्हता. तुमच्या गाळ्याला दार एकच असेल तर फोमच्या सजावटीचा विचारसुद्धा करू नका. डीलरच्या पॅकेजमधल्या 'सजावटी'त नेमकं काय आहे ते विचारा.

कोपरा सुरू झाला की एक वही घाला. रोजचा गल्ला तुम्ही लिहितच असाल, त्याच्या शेजारी एवढंच लिहा: हा माणूस हेडसेटला पहिल्यांदा आलाय की तिसऱ्यांदा. एक सत्र होऊ द्या, जून ते दिवाळी. तिसऱ्यांदा येणारे भरपूर दिसले, गटाने येणारे दिसले, वाढदिवसाची विचारणा सुरू झाली, तर कमाईतून तिसरा हेडसेट घ्या. पहिल्यांदा येणाऱ्यांचीच यादी लांबत गेली तर दोन्ही हेडसेट विकून टाका, वर्षाच्या आत निम्मे पैसे तरी सुटतील. हलती खुर्ची कोण विकत घेणार?

डीलरचा फोन येईलच, असे लोक चिकाटीचे असतात. भांडू नका. याच पॅकेजवर वर्षभरापूर्वी झोन काढलेल्या दोन गिऱ्हाइकांचे पत्ते मागा. द्यायला तयार झाला तर जाऊन या, पण शनिवार-रविवार सोडून मंगळवारी दुपारी जा.